सातव्या दिवसाचं पाणी

“पण मी माफी मागितली की, तात्या!”

“कुणाची?”

“तिचीच. सगळ्यांसमोर मागितली.”

“त्या सगळ्यांत ती होती का?”

दिगंबरनं खिशातला फोन काढून मांडीवर ठेवला.

तात्यांच्या ओट्यावर आम्ही तिघंच होतो. शनिवार होता, सकाळची शाळा सुटून गेलेली. ऊन अगदी पायरीपर्यंत आलं होतं. तात्या भिंतीला टेकून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते आणि दिगंबरकडं बघतही नव्हते.

मी कोण, ते सांगतो. मी निवृत्ती. शाळेच्या कोपऱ्यावर माझं सायकलचं दुकान आहे. त्याआधी बारा वर्षं मी रंगनाथतात्यांची सोंगाची पेटी वाहिली. तात्या बहुरूपी. आज फौजदार, उद्या सासू, परवा डॉक्टर, असे गावोगाव फिरले. माझ्या डोक्यावर पेटी बसली, पण सोंग काही बसलं नाही. फौजदार होऊन दारात उभा राहिलो की आतून आवाज यायचा, “निवृत्ती, चहा टाकू का?” तेव्हा पेटी खाली ठेवली आणि पंक्चर काढायला बसलो.

दिगंबर माझ्यानंतरचा. त्याला जमलं. नको इतकं जमलं.

शाळेत असल्यापासून चार वर्षं तात्यांकडं शिकला आणि पुण्याला गेला. तिथं हॉटेलात माइक घेऊन एकट्यानं उभं राहायचं, बोलायचं, लोकांनी हसायचं, असला धंदा आहे म्हणे. आम्हाला आधी खोटंच वाटलं. मग त्याचे व्हिडिओ यायला लागले. गावातला जो तो फोन पुढं करून विचारायचा, “आपल्या दिग्याचं बघितलं का?” मीही माझ्या दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायचो. छाती फुगवून दाखवायचो.

मग ते खिचडीचं आलं.

“माफीचं दाखव,” तात्या म्हणाले.

दिगंबरनं फोन दिला. तात्यांनी तो हातभर लांब धरला, डोळे बारीक केले आणि शेवटपर्यंत बघितलं. व्हिडिओत दिगंबर पांढऱ्या सदऱ्यात बसला होता. मागं हळू वाजवलेली बाजाची पेटी. “माझ्यामुळं एका माउलीचं मन दुखावलं...” असं म्हणून तो थांबला, खाली बघितलं, डावा हात डोळ्याकडं नेला.

“किती जणांनी बघितलं हे?”

“चाळीस लाख.”

“हे रडणं कितव्या खेपेचं?”

“म्हणजे?”

“दिगू, पंचावन्न वर्षं लोकांना फसवून पोट भरलंय मी. आधी मान खाली, मग हात, मग थांबणं. इतकं बेतशीर पहिल्या खेपेला कुणी रडत नाही.”

दिगंबर ओट्याच्या फरशीवर बोटानं रेघा ओढत राहिला.

“चौथ्या,” तो म्हणाला.

“आणि पहिल्या खेपेला?”

“पहिल्यांदा खरंच रडू आलं होतं... नाक गळायला लागलं. आवाज फाटला. ते बरं दिसत नव्हतं.”

तात्यांनी फोन परत दिला.

“सोंग चांगलं आहे,” ते म्हणाले.

दिगंबर लाल झाला. कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आता उठतोय आणि जातोय. पण तो बसून राहिला, एवढं त्याचं मानलं पाहिजे.

“तात्या, मी वाद घालायला नाही आलो,” तो म्हणाला. “मला गयामावशीकडं जायचंय. तुम्ही बरोबर चला. तुमचं ती ऐकेल.”

“मी काय सांगू तिला?”

“सांगा, की त्याला पस्तावा झालाय.”

“तुला तोंड नाही?”

सगळ्या महाराष्ट्राला ऐकू जाईल असं तोंड त्याचं.

तात्यांनी अडकित्ता खाली ठेवला. “लिंबाखाली गाडी उभी आहे. तिच्यात कोण बसलंय?”

“माझा माणूस आहे.”

“कशाला आणलास?”

“शूटिंगला... म्हणजे तात्या, पुरावा लागतो हो! नाहीतर लोक म्हणतील, हा गेलाच नाही. आता कुणी विश्वास ठेवत नाही माझ्यावर.”

“निवृत्ती,” तात्या मला म्हणाले, “त्या पाहुण्याला चहा पाज आणि वाटेला लाव.”

मी गेलो. माणूस गरीब होता बिचारा, कॅमेऱ्याचा स्टँड मांडीवर घेऊन बसला होता. पण माझं डोकं फिरलेलं. चहाबिहा काही विचारला नाही. म्हटलं, “लग्न नाही इथं. निघा.” तो निघाला. दिगंबर ओट्यावरून गाडी जाताना बघत होता, पण त्यानं हाक मारली नाही.

मी परत येऊन टेकलो, तेव्हा तात्या म्हणत होते, “कर.”

“काय?”

“गयाचं सोंग. कर.”

“इथं? नको, तात्या...”

“माझ्यासमोर शिकलास. माझ्यासमोर कर.”

आता गयाबाईंचं सांगतो. गयाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. वीस वर्षं झाली. त्यांचा टाळू जन्मापासून फाटलेला, बोलणं सगळं नाकातून येतं. गावाला सवय आहे, पोरांना सवय आहे. पोरं त्यांना गयामावशी म्हणतात. त्यांचा भरत आणि हा दिगंबर एका बाकावर बसायचे. पातेल्याच्या बुडाची खरवड गयाबाई दोघांसाठी राखून ठेवायच्या, आणि भरतच्या आधी दिगंबरला द्यायच्या, कारण दिगंबरची आई लवकर गेली होती. दहावीच्या सुट्टीत भरत विहिरीत पोहायला उतरला आणि वर आला नाही.

दिगंबरनं पिशवीतून चौकड्यांचा टॉवेल काढला. डोक्यावर पदरासारखा घेतला. खांदे थोडे पाडले, एक हात खिचडी वाढायच्या डावावर असल्यासारखा धरला...

आणि गयाबाई ओट्यावर बसल्या!

देवाशप्पथ सांगतो, पहिलं अक्षर उमटायच्या आत मला हसू फुटलं. रांग मोडणाऱ्या पोरांना त्या कशा झापतात, गुरुजींनी दुसऱ्यांदा ताट पुढं केलं की कशा बघतात, सगळं हुबेहूब. मी पोट धरून हसत होतो. मग तो आवाज तसाच वर चढला, फाटला, आणि रडायला लागला, “उठ रे भरत्या... खिचडी गार झाली रे...”

आणि मी हसतच होतो.

एक क्षण. दोन क्षण. मग मला कळलं मी कशाला हसतोय. भरतला विहिरीतून काढून घरी आणणाऱ्या चौघांत मी होतो. त्याचे पाय माझ्याकडं होते. अंगणात ठेवल्यावर गयाबाईंनी त्याचं ओलं डोकं मांडीवर घेतलं आणि हेच म्हणाल्या होत्या, हेच शब्द. मला मेल्याला तेव्हा उभं राहवलं नव्हतं. आणि त्यालाच मी आता हसत होतो, आणि त्याआधी दुकानात फोनवर तीनदा हसलो होतो. लाज वाटते सांगायला. पण मग सांगू नको तर काय करू?

तात्या हसले नाहीत.

“उतरलंय बरोबर,” ते म्हणाले. “हुंदका कुठून घेतलास?”

“त्याच दिवशीचा आहे.”

“कुठं होतास तू?”

“अंगणातच. तुळशीपाशी उभा होतो.”

“रडलास?”

दिगंबरनं टॉवेल डोक्यावरून काढला.

“नाही... ऐकत होतो.”

पलीकडं कुणाची तरी शेळी ओरडत होती.

“तुम्हीच सांगितलं होतं, तात्या,” तो हळू म्हणाला. “माणूस स्वतःला विसरतं तिथं कान द्यायचा. खरा आवाज तिथं मिळतो.”

“सांगितलं होतं.”

“मी नाव बदललं होतं. आधी भरत्या म्हणत नव्हतो, दुसरंच नाव घ्यायचो. एका कार्यक्रमात चुकून तोंडातून निघून गेलं आणि तेच पसरलं.”

“आवाज बदललास?”

“...नाही.”

“पुढं सांग.”

पुढचं आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण तात्यांना त्याच्या तोंडून हवं होतं. त्यानं सांगितलं. तेवढा तुकडा लोकांनी कापून घेतला. झोपलेल्या मांजरांना लावला, ऑफिसात डुलक्या काढणाऱ्यांना लावला, हरलेल्या क्रिकेट टीमला लावला. मग कुणीतरी शोधून काढलं की बाई खरी आहे, पोरगं खरंच गेलंय. तेव्हा भडका उडाला. अर्धे म्हणाले, व्यंगावर हसतो, याला फोडा. अर्धे म्हणाले, विनोद आहे, सहन होत नसेल तर बघू नका. टीव्हीवर चर्चा झाल्या. दोन्हीकडच्यांनी वाद घालताना पुन्हा पुन्हा तोच तुकडा वाजवला.

“आणि तुझं काय झालं?”

“मी...” दिगंबरनं टॉवेलची घडी घातली. “मला आधी सहा लाख लोक बघायचे. वाद संपला तेव्हा एकोणीस लाख झाले होते. मोठ्या हॉलमधे तिकिटं संपायला लागली. मी वाढलो, तात्या. तिच्यावर वाढलो.”

“मग आता काय दुखतंय?”

“आता स्टेजवर गेलो की लोक दुसरं काही ऐकत नाहीत. खिचडी, खिचडी, असं ओरडतात. मी म्हणतो, ते बंद केलं मी. मग तेच करतात! सगळा हॉल, हजार माणसं, तिच्या आवाजात रडतात. आणि हसतात. मी माइक धरून नुसता उभा असतो.”

तात्यांनी डोळे मिटले.

“सातव्या दिवसाचं तुला सांगितलं होतं का मी?” त्यांनी विचारलं.

दिगंबरनं मान हलवली. कळत नव्हतं, हो म्हणाला की नाही.

तात्यांच्या घराण्याची एक रीत आहे. गावात सहा दिवस सोंगं करायची. फौजदार होऊन कुणाला दरडावायचं, सासू होऊन कुणाच्या घरचं उणं काढायचं, गाव हसवायचं. सातव्या दिवशी रंग धुवायचा. अनवाणी, उघड्या डोक्यानं, ज्या ज्या घराचं हसं केलं त्या त्या दारात जायचं. एकच वाक्य म्हणायचं, ‘मालकीण, सोंग उतरलंय, माणूस आलाय.’ त्यानंतर आपण अवाक्षर काढायचं नाही. बोलायचं ते घरानं. शिव्या दिल्या तर शिव्या. मग घरानं पाणी दिलं तर ते उभ्यानं प्यायचं, आणि झालं, मिटलं. नाही दिलं तर ते सोंग पेटीतून काढून टाकायचं, जन्मात पुन्हा घ्यायचं नाही. बारा वर्षांत माझ्यादेखत तात्यांनी तीन सोंगं टाकली. त्यातलं एक फार हसवणारं होतं.

“चार वर्षांत तू किती वेळा आलास सातव्या दिवशी?” तात्यांनी विचारलं.

“एकदाही नाही.”

“का?”

“लाज वाटायची. सोंगात असलो की कुणाच्याही दारात उभा राहायचो. तोंड धुतलं की पाय उचलायचे नाहीत.”

“आणि मी काय म्हणायचो?”

दिगंबरच्या आधी मीच बोललो, कारण तात्या दुकानावरून जाताना म्हणायचे ते मला पाठ होतं. “तुम्ही म्हणायचा, पोरगं लाजतंय, राहू दे घरी.”

“राहू दे घरी...” तात्या म्हणाले.

ते उठले. गुडघे धरून उठले, मी हात दिला तो घेतला नाही. आतून घागरीतलं पाणी तांब्यात घेऊन आले आणि पायरीवर ठेवलं.

“तोंड धू.”

“तात्या, माझ्या तोंडाला काही लावलेलं नाही.”

“धू.”

त्यानं धुतलं. तात्यांनी त्याच्यामागून त्याच तांब्यातल्या उरलेल्या पाण्यानं आपलंही तोंड धुतलं. मग पायातल्या वहाणा काढून ठेवल्या.

दिगंबरनं बूट काढले. फोन बुटात ठेवला. मीही चपला काढल्या, मला कुणी सांगितलं नव्हतं.

*

गयाबाईंचं घर शाळेच्या मागं. दोन खोल्या, पुढं अंगण, तुळस. बाहेरच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं होतं, खिचडी गार झाली. ते घासलेलं होतं, पण घासूनही वाचता येत होतं. दिगंबरनं ते वाचलं. त्यानं वाचलं हे मी बघितलं.

एक सांगायचं राहिलं. आठ महिने झाले, गयाबाई बोलत नाहीत. वाद पेटला होता तेव्हा कुठल्याशा चॅनेलची माणसं आली होती. बाईंच्या तोंडापुढं माइक धरून म्हणाली, “बोला मावशी, तुम्हाला काय वाटतं?” बाई साध्या, बोलायला लागल्या. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर कॅमेऱ्यामागचा माणूस फिस्सकन हसला. गयाबाईंनी तोंडाला पदर लावला, तो लावलाच. शाळेत डावानं पातेलं वाजवून पोरांना बोलावतात. हे दिगंबरला ठाऊक नव्हतं. वाटेत मी सांगितलं, तेव्हा तो मधेच थांबला, आणि तात्या थांबले नाहीत म्हणून पुन्हा चालायला लागला.

गयाबाई उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होत्या. आम्हाला बघून हात थांबला.

फरशी तापली होती. दिगंबर अंगणाच्या मधोमध उभा राहिला. तिथंच भरतला ठेवलं होतं. त्याला आठवलं असावं, कारण तो दोन पावलं मागं सरला.

“मालकीण,” तो म्हणाला. “मालकीण, सोंग उतरलंय. माणूस आलाय.”

गयाबाई बघत राहिल्या.

दिगंबरनं पुढं बोलायला तोंड उघडलं. तात्यांनी नुसतं बोट वर केलं. तोंड मिटलं.

आता हा बोलायचा नाही, आणि ती बोलत नाही. झालं! मी मनात म्हटलं, आता संध्याकाळपर्यंत उन्हात भाजून निघणार. पाय पोळत होते. तात्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, ते माझ्या शेजारी हात जोडून उभे. सुपातले तांदूळ तसेच. एक चिमणी आली, दाणे टिपून गेली, पुन्हा आली.

बऱ्याच वेळानं गयाबाई उठल्या. आत गेल्या. तांब्या घेऊन आल्या आणि दिगंबरला ओलांडून थेट तात्यांपुढं धरला. वर हातानं खूण केली, सावलीत बसा.

तात्यांनी तांब्या घेतला नाही.

“मालकीण, मीही त्यातलाच आहे,” ते म्हणाले. रीत मोडून बोलले. “कान द्यायला याला मीच शिकवलं. सातव्या दिवशी याला घरी मीच ठेवला. पोरगं लाजतंय म्हणून ठेवला. लाजायला लावायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही.”

गयाबाईंचा हात तांब्यासकट तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. काही विचारलं नाही, पण काय विचारतायत ते मला कळलं.

“हसलो,” मी म्हणालो. “आजसुद्धा हसलो.”

त्यांनी तांब्या पायरीवर ठेवला. दिगंबरसमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि तोंडावरचा पदर काढला.

“कर,” त्या म्हणाल्या.

आठ महिन्यांनी तो आवाज गावात निघाला. तो कसा होता हे मी सांगणार नाही. ज्याला ऐकायची हौस असेल त्यानं फोन उघडावा, मी नाही करून दाखवणार.

“कर की. माझ्यासमोर कर. मलाही हसू येतं का बघते.”

दिगंबरनं तात्यांकडं बघितलं. तात्या जमिनीकडं बघत होते. मग त्यानं खांदे पाडायला घेतले... खरंच घेतले, कारण तिनं सांगितलं होतं आणि त्याला दुसरं काय येत होतं! पण खांदे अर्ध्यात राहिले. ओठ हलले, आवाज काही आला नाही.

“येत नाही?” गयाबाई म्हणाल्या. “मग तिथं कसं आलं रे तुला?”

तो उभा.

“खरवड आधी तुला द्यायचे मी. भरत रुसायचा. म्हणायचा, आई, तो कोण लागतो तुझा? मी म्हणायचे, त्याला आई नाही रे.”

तो उभा.

“भरतच्या फोटोशी रोज बोलायचे मी. खिचडी झाली की सांगायचे, आज काय घातलं, पोरं किती जेवली. आता तेही बंद आहे. तोंड उघडलं की मला वाटतं, दिगू, मी तुझी नक्कल करतेय. माझाच आवाज, आणि मला वाटतं तुझा आहे...”

दिगंबर रडला. मी मुद्दाम बघितलं, डावा हात उठला नाही, उजवाही नाही. नाक गळत होतं, ओठावरून हनुवटीवर आलं, त्यानं पुसलं नाही. तोंड वेडंवाकडं झालं होतं. बघवत नव्हतं. माझ्याच्यानं तर अजिबात बघवेना, मी भिंतीकडं तोंड केलं, तर तिथं ते कोळशाचं.

गयाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग सूप उचललं, आत गेल्या, दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

तांब्या पायरीवर तसाच होता. तात्या तहानलेले होते, ओठ पांढरे पडले होते, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, “तात्या, तुम्हाला दिलंय तिनं, घोटभर घ्या.” त्यांनी मान हलवली आणि चालायला लागले.

*

ओट्यावर येऊन बसलो. मी आतून पाणी आणलं. तात्या प्याले. दिगंबरला दिलं, त्यानं हातात धरून ठेवलं.

“तिनं पाणी दिलं नाही मला,” तो म्हणाला.

“नाही दिलं.”

“म्हणजे सोंग टाकायचं... टाकतो, तात्या. हा टॉवेल आत्ता विहिरीत नेऊन...” तो मधेच थांबला. कोणती विहीर, ते त्याचं त्यालाच आठवलं.

तात्यांनी टॉवेलाकडं बघितलं.

“पण टॉवेल टाकून काय होतंय!” दिगंबर म्हणाला. “तुमचं सोंग तुमच्या पेटीत असायचं, ते काढून टाकता यायचं. माझं आता माझ्याकडं कुठंय? लाखो फोनांत आहे ते. मी मेलो तरी लोक तिच्या आवाजात रडत राहतील.”

“हो,” तात्या म्हणाले.

नाही म्हणतील, काहीतरी धीर देतील, असं मला वाटलं होतं. दिगंबरलाही वाटलं असावं.

बाजूला बुटात फोन थरथरायला लागला. थांबला. पुन्हा थरथरला. दिगंबरनं बघितलं, हात पुढं नेला, परत घेतला.

“कार्यक्रमवाल्यांचा असेल,” तो म्हणाला. “उद्या मोठा कार्यक्रम आहे पुण्यात. आत्ता निघालो तर पोचतो...”

तात्यांनी अडकित्ता उचलला आणि सुपारी घेतली.

दिगंबर उठला. एक बूट हातात घेतला. घेऊन तसाच उभा राहिला, पायात घालेना. शाळेकडून कसलासा आवाज आला, मला वाटलं गयाबाईंचा, पण तो शेळीचा होता.

“तात्या...”

“अं?”

“आज सातवा दिवस झाला. मग उद्या?”

तात्यांनी सुपारीचं खांड अडकित्त्यात धरलं.

“उद्याही सातवाच.”